शस्त्रक्रियेनंतरचे दिवस : तान्ह्या बाळाच्या मेंदूवरील शस्त्रक्रिया, तीनंतरची गुंतागुंत आणि आपली जबाबदारी



वार्षिक अहवालात ताळेबंदासोबत एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख समाविष्ट करण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू अशा परिचित व्याधींवर यापूर्वी लेख आले. या वर्षी मात्र काहीसा अपरिचित विषय निवडला आहे. जन्मतः मेंदूची रचना सदोष असलेल्या तान्ह्या बाळांवर मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया केली जाते. त्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारी गुंतागुंत हा या लेखाचा विषय आहे.

विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. बालशल्य साहाय्य निधीचे विवरण वाचून काही देणगीदारांनी विचारणा केली की, एकाच बाळाच्या नावावर दोनदा, तीनदा रक्कम का पडते? शस्त्रक्रिया एकदा झाली म्हणजे काम संपले नाही काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. आरंभीच्या काळात आम्हीही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारत होतो. त्याचे जे उत्तर आम्हाला उशिरा उमगले, ते येथे मांडत आहोत. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या बालरोगतज्ज्ञांनी वाचून दुरुस्त केला आहे. तथापि हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे प्रारंभीच नमूद करणे अगत्याचे वाटते.

विकृती म्हणजे काय?

आपल्या कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे त्याचाच मज्जारज्जू होतो. डोक्याच्या मागील बाजूस या छिद्राच्या वर लहान मेंदू असतो. काही बाळांत ही मागील जागा अपुरी असते आणि लहान मेंदूचा खालचा भाग त्या छिद्रातून मानेकडे उतरलेला असतो. प्राग येथे काम करणारे ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी 1891 मध्ये या रचनेचे वर्णन केले, म्हणून तिला किआरी विकृती म्हणतात.

तिचे दोन प्रकार मुख्यतः आढळतात. पहिला प्रकार पुष्कळदा मोठेपणी, डोकेदुखी किंवा हातांतील बधिरपणा यांमुळे लक्षात येतो. दुसरा प्रकार मात्र जन्मापासूनचा असून, पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांत आढळतो. आपल्या भागात ‘पाठीवर गाठ असलेले बाळ’ म्हणून जे नांदेड वा लातूरच्या रुग्णालयांत आणले जाते, ते हेच. अशा बाळाच्या पाठीची गाठ पहिल्या काही दिवसांत बंद करावी लागते. त्यानंतर अनेकांच्या डोक्यात पाणी वाढू लागते आणि त्यांपैकी काहींना मानेजवळच्या दाबाचा त्रास सुरू होतो.

या पाण्याचा हिशेब समजून घेतला म्हणजे पुढील सर्व गोष्टी सुलभ होतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या भोवती एक स्वच्छ द्रव सतत खेळत असतो. प्रौढ माणसात कोणत्याही क्षणी तो सुमारे 150 मिलिलिटर असतो. परंतु दिवसभरात सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे जेवढी जमा, तेवढाच खर्च दररोज व्हावा लागतो. बाळात प्रमाण लहान असले तरी नियम तोच. निचऱ्याची वाट अडली की शिल्लक वाढत जाते, आणि येथे शिल्लक वाढणे म्हणजे मेंदूवरील दाब वाढणे होय.

शस्त्रक्रियेत काय करतात?

डोक्यातील पाणी वाढले असता ‘शंट’ बसवतात. ही एक बारीक नळी असून तिला झडप असते. तिचे एक टोक मेंदूतील पोकळीत आणि दुसरे त्वचेखालून नेऊन पोटात सोडलेले असते. जास्तीचे पाणी पोटात उतरते व तेथे शोषले जाते. शंटच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर हे एक तंत्रज्ञ. त्यांच्या मुलाला हाच विकार होता. त्याच्यासाठी त्यांनी सिलिकॉनची झडप तयार केली आणि 1956 पासून त्या झडपेचा वापर सुरू झाला. एका पित्याच्या व्याकुळतेतून असंख्य बालकांना आयुष्य लाभले.

दाबमुक्तीची शस्त्रक्रिया याहून वेगळी. बाळाला दूध ओढताना वारंवार ठसका लागणे, दूध नाकावाटे येणे, रडण्याचा आवाज क्षीण होणे, श्वास घेताना घरघर होणे, झोपेत श्वास काही क्षण थांबणे ही मेंदूच्या देठावर दाब येत असल्याची चिन्हे होत. अशा वेळी शल्यविशारद प्रथम शंट नीट चालतो की नाही हे तपासतात, कारण बंद पडलेला शंटही हीच लक्षणे निर्माण करतो. शंट ठीक असूनही त्रास राहिला, तर मानेच्या मागील बाजूस छेद घेऊन मानेच्या वरच्या मणक्यांच्या मागील कमानी आणि आवश्यकता असल्यास कवटीच्या तळाचे थोडे हाड काढून जागा मोकळी करतात. पुष्कळदा मेंदूवरील जाड आवरण उघडून तेथे ठिगळ शिवतात, जेणेकरून आतील जागा वाढावी.

हे वर्णन चार ओळींत संपले. प्रत्यक्ष काम फार जोखमीचे आहे. तान्ह्या बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे 80 मिलिलिटर रक्त असते. चार किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे 320 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दीड पेला. मानेमागील आवरणात या वयात मोठ्या शिरा असतात. मोठ्या माणसात किरकोळ वाटणारा रक्तस्राव येथे प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच या शस्त्रक्रियेसाठी तान्ह्या बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि बालकांचा अतिदक्षता विभाग ही सर्व व्यवस्था एकाच ठिकाणी असावी लागते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मेंदुशल्यविशारदांची सेवा उपलब्ध आहे. परंतु इतक्या लहान बाळाच्या या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी आम्ही मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथे पाठवतो.

या विषयात वैद्यकशास्त्राचा शेवटचा शब्द अद्याप उच्चारला गेलेला नाही, हेही वाचकांना ठाऊक असावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मेंदुशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी 2015 मध्ये 65 रुग्णांच्या अनुभवावरून असे मत मांडले की, किआरी विकृतीचे मूळ मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत असते. सबब हाड काढून जागा करण्याऐवजी ते मणके स्थिर करावेत. या मतावर जगभर चर्चा झाली. अनेक शल्यविशारदांना ते मान्य नाही. आम्ही यात मत देण्यास पात्र नाही. एवढेच म्हणावयाचे की, दोन निष्णात डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले तर त्यांपैकी एक फसवत आहे, असा निष्कर्ष कुटुंबीयांनी काढू नये.

गुंतागुंत कोणकोणती?

पहिली आणि वारंवार दिसणारी गुंतागुंत म्हणजे पाणी झिरपणे. आवरणाला घातलेली शिवण काही कारणाने सैल पडली, तर आतील द्रव बाहेर वाट काढतो. कधी तो त्वचेखाली साठतो आणि मानेमागे मऊ फुगवटा दिसतो. कधी जखमेतून थेंब थेंब बाहेर येतो. फुगवटा लहान असेल तर काही वेळा तो आपोआप जिरतो. जखमेतून पाणी येणे मात्र कधीही किरकोळ समजू नये, कारण ज्या वाटेने पाणी बाहेर येते, त्याच वाटेने जंतू आत जातात.

दुसरी गुंतागुंत मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, म्हणजे मेनिंजायटिसची. मोठ्या माणसात ताप, डोकेदुखी, मान ताठरणे ही लक्षणे ठळक असतात. तान्ह्या बाळात ती तशी दिसतीलच असे नाही. बाळ फक्त दूध सोडते, मलूल होते किंवा कारण नसताना किंचाळून रडते. कधी ताप येण्याऐवजी अंग थंड पडते.

तिसरी, डोक्यातील पाणी पुन्हा वाढण्याची. शंट नसलेल्या बाळात शस्त्रक्रियेनंतर नव्याने पाणी वाढू शकते. शंट असलेल्यात तो तुंबू शकतो. मानेमागील फुगवटा वाढत असेल, तर अनेकदा त्याचे मूळ कारण हेच असते. अशा वेळी केवळ जखमेला पुन्हा टाके घालून उपयोग होत नाही. आधी पाण्याचा निचरा सुधारावा लागतो.

चौथी, श्वास आणि गिळणे यांच्याविषयीची. दाब निघाला तरी मेंदूच्या देठाला आधीच झालेली इजा लगेच भरून येत नाही. काही बाळांना महिनोन्महिने नाकातून घातलेल्या नळीने दूध द्यावे लागते, तर काहींना श्वासासाठी गळ्यात नळी ठेवावी लागते. ज्या बाळांत आधीचे नुकसान फार असते, त्यांपैकी काही निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही वाचत नाहीत. हे सत्य कटू असले तरी कुटुंबाला आधी सांगणे आवश्यक आहे.

पाचवी गुंतागुंत कालांतराने दिसते. तान्ह्या बाळाचे हाड झपाट्याने वाढते. काढलेल्या जागी ते पुन्हा तयार होऊ शकते आणि दाब परत येतो. क्वचित मानेचे मणके अस्थिर होतात. त्यामुळे काही बाळांना दुसरी शस्त्रक्रिया लागते. तीवरून पहिली चुकली असे ठरत नाही.

एका बाळाची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव व वर्ष देत नाही. लातूर जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबातील ही मुलगी, प्रथेप्रमाणे आईच्या माहेरी, नांदेड जिल्ह्यात जन्मली. पाठीची गाठ बंद झाली, शंट बसला. चौथ्या महिन्यात दूध पिताना ठसका आणि श्वासाची घरघर सुरू झाली. आपल्या निधीतून तिला मोठ्या शहरात पाठवले. दाबमुक्तीची शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरघर थांबली, बाळ दूध ओढू लागले. आम्ही वहीत त्या नोंदीपुढे ‘पूर्ण’ असा शेरा लिहिला.

दसरा तोंडावर होता. बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली. एका कोयत्याची, म्हणजे नवराबायको दोघांच्या कामाची ती उचल असल्याने आईला मागे राहता येईना. सासरी दोन दिवस थांबून कुटुंब बाळासह कारखान्यावर गेले. तेथे कोपीत राहत असताना आईला रोज सकाळी बाळाच्या डोक्याखालचे फडके ओले दिसू लागले. तिला वाटले घाम असेल, दूध सांडले असेल. मग तिच्या ध्यानात आले की, ओल मानेच्या जखमेजवळच आहे आणि तिला दुधाचा वास नाही.

तिच्याजवळ आमचे डिस्चार्ज कार्ड होते. ते इंग्रजीत होते. त्यावर जो दूरध्वनी क्रमांक होता, तो आमच्या कार्यालयाचा. कार्यालय सायंकाळी सहाला बंद होत असे आणि तिची तोड दिवस मावळेपर्यंत चाले. आम्ही पाठपुराव्यासाठी फोन केला, तो तिच्या माहेरी. तेथून उत्तर आले, “लेक सासरी गेली, बाळ बरं आहे.” आम्ही तशी नोंद केली. दरम्यान जवळच्या गावात तिने बाळाला दाखवले असता तापाचे औषध मिळाले. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी बाळाने दूध सोडले.

ते कुटुंब उचलीचे पैसे मोडून आपल्याकडे परतले. मुलगी वाचली. पुन्हा मोठ्या शहरी नेऊन जखम व शंट दोन्हींवर उपचार करावे लागले, अनेक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागली. आज ती अंगणवाडीत जाते. पण मेनिंजायटिसनंतर तिच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली आहे.

यात शल्यविशारदांचा दोष नव्हता. पाणी झिरपणे ही त्या शस्त्रक्रियेची ज्ञात गुंतागुंत आहे. ती कुशल हातांतूनही घडते. आईचाही दोष नव्हता. उलट कोणीही न शिकवता ओलीचे कारण तिनेच शोधले. दोष आमचा होता. तिला वाचता न येणारे कार्ड आम्ही दिले, ती नसेल अशा घरी फोन केला आणि उघडे असलेले खाते बंद समजलो. तिचा कान हा त्या नऊ दिवसांचा खर्च आहे आणि तो आमच्या नावे पडतो.

अंतराचा विचार

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. नांदेडपासून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. असाच अंतराचा प्रश्न पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात डॉ. बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन शल्यविशारदांपुढे आला. तेथील म्बाले या गावी 2000 नंतरच्या वर्षांत त्यांनी डोक्यात पाणी झालेल्या बाळांवर मोठ्या संख्येने उपचार केले. शंट बसवून घरी पाठवलेल्या बाळाचा शंट दूर खेड्यात तुंबला, तर ते वेळेत परत येईलच याची शाश्वती नव्हती. आणि शंट तुंबणे ही विरळा घटना नव्हे. जगातील चांगल्या रुग्णालयांतही लहान मुलांचे सुमारे एक-तृतीयांश शंट पहिल्या वर्षात कुठल्या ना कुठल्या कारणाने बिघडतात. म्हणून त्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूच्या पोकळीतच पाण्याला नवी वाट करून देण्याच्या पद्धतीस पाणी निर्माण करणाऱ्या पेशीजालाचा काही भाग निकामी करण्याची जोड दिली. या पद्धतीची शंटशी तुलना करणारा 100 बाळांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला; एक वर्षानंतर बाळांच्या बौद्धिक विकासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याच रुग्णालयाच्या अनुभवातील दुसरी गोष्ट आपल्या देणगीदारांना विशेष वाटेल. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील 195 बालकांच्या अभ्यासात उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारा स्वस्त छाबडा शंट आणि अनेक पटींनी महाग असलेला परदेशी शंट यांची तुलना केली गेली. एका वर्षाच्या निष्कर्षात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे बाळाचे भवितव्य केवळ नळीच्या किमतीवर ठरत नाही; बिघाड किती लवकर ओळखला आणि बाळ किती लवकर पोहोचले, यालाही तितकेच महत्त्व आहे.

घरी काय पाहावे?

रुग्णांच्या कुटुंबीयांनी पुढील गोष्टी कापून देवघराजवळ अथवा पाळण्याजवळ लावाव्यात. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालयाशी संपर्क साधावा.

1. जखमेतून स्वच्छ पाणी येणे, किंवा डोक्याखालचे कापड वारंवार ओले होणे.
2. मानेमागील फुगवटा नव्याने येणे, वाढणे किंवा ताठ होणे.
3. बाळ शांत व बसते धरलेले असतानाही टाळू फुगलेली व ताठ लागणे.
4. डोळे खाली वळलेले राहणे आणि बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसणे.
5. दूध सोडणे, वारंवार उलट्या, अतिशय झोपाळूपणा किंवा किंचाळून रडणे.
6. ताप, अंग गार पडणे, झटके.
7. दूध पिताना ठसका, श्वासाची घरघर, श्वास थांबणे, ओठ निळसर होणे. यात क्षणाचाही विलंब नको. सर्वांत जवळच्या रुग्णालयात जावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.
8. शंटच्या नळीच्या मार्गावर लाली, सूज, किंवा पोट फुगणे.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना एक नम्र विनंती. टाळू तेलाने भरणे, अंग रगडून न्हाऊ घालणे, शेगडीवर ओव्याची धुरी देणे हे सर्व आपण मायेने करता. परंतु या बाळाच्या जखमेवर तेल, हळद, राख वा अंगारा काहीही लावू नये, डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोके व मान यांना मालिश करू नये, धूर टाळावा. आजीचे हात बाळाला हवेतच. फक्त जखम भरेपर्यंत ते मानेपासून दूर असावेत.

निधी, योजना आणि आम्ही केलेले बदल

शासनाच्या योजनांनी मोठा भार हलका केला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नांदेड होते. 2013 मध्ये ती लातूरसह उर्वरित राज्यात आली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत मज्जारज्जूच्या या विकृतीचा समावेश आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणे आणि देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करणे बंधनकारक आहे. मोठ्या शहरातील धर्मादाय रुग्णालयात बाळ पाठवताना या तरतुदीचा लाभ मिळावा यासाठी आपले समाजसेवा अधीक्षक कागदपत्रे आधीच तयार करून देतात.

तरीही काही खर्च कोणत्याही पॅकेजात पूर्णपणे बसत नाही. वारंवारचा परतीचा प्रवास, सोबतच्या माणसाचे राहणे-जेवणे, बुडालेली मजुरी, मुकादमाची उचल. बाळ वेळेवर परत येते की नाही, हे पुष्कळदा याच खर्चावर ठरते. वर सांगितलेल्या अनुभवानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पुढील बदल केले.

मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी साहाय्य मंजूर करताना परतीच्या प्रवासासाठी रक्कम वेगळी राखून ठेवली जाते; ती न वापरल्यास वर्षअखेर निधीत परत जमा होते. डिस्चार्ज कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि वरील चिन्हांच्या चित्रांसह दिले जाते. त्यावरील क्रमांक कार्यालयाचा नसून प्रसूती कक्षाचा आहे, कारण तेथे रात्री दोन वाजताही परिचारिका जागी असते. माहेर, सासर आणि हंगामातील कारखाना अशा तिन्ही ठिकाणचे पत्ते व क्रमांक नोंदवले जातात. घरी सोडण्यापूर्वी आईने सर्व चिन्हे परिचारिकेला स्वतःच्या शब्दांत सांगावयाची असतात. तिने सांगितल्याशिवाय कागदावर सही होत नाही. आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत वहीत ‘पूर्ण’ हा शेरा लिहिण्यास आम्ही स्वतःला मनाई केली आहे. त्याऐवजी ‘चालू’ असे लिहिले जाते.

लेखापरीक्षकांनी प्रारंभी यास हरकत घेतली होती. खर्च न झालेली रक्कम एका नावावर राखून ठेवणे त्यांना पसंत नव्हते. व्यापारात उधारी बुडण्याचा संभव धरून तरतूद करतात, तशीच ही आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. गुंतागुंत हा अपघात नसून शस्त्रक्रियेच्या खर्चाचाच अपेक्षित भाग आहे. तो आधी न धरणे हीच हिशेबातील चूक होय.

पुढील बाळासाठी

या विकृतीचा एक भाग टाळता येण्याजोगा आहे, ही दिलासा देणारी गोष्ट. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. 1991 मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने सिद्ध केले की, आधी असे बाळ झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास पुन्हा तसे बाळ होण्याचा संभव 72 टक्क्यांनी घटतो. अशा मातेला नेहमीपेक्षा मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवावी. गोळी स्वस्त असून शासकीय आरोग्य केंद्रात मिळते. मात्र ती तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर सुरू करून या विकृतीपुरता उपयोग होत नाही; मूल हवे असे ठरवतानाच ती सुरू करावी लागते. ज्या घरात असे बाळ जन्मले, तेथील आईला दोष देण्याची रीत अजून दिसते. कोणाची दृष्ट, कोणते ग्रहण, कोणाचे पाप यांचा याच्याशी संबंध नाही.

समारोप

देणगीदारांना शस्त्रक्रियेला पैसे द्यावेसे वाटतात, हे स्वाभाविक आहे. त्यात एक दिवस असतो, एक यश असते, छायाचित्र असते. बसच्या तिकिटाला, मराठीत छापलेल्या कार्डाला, रात्री उचललेल्या फोनला छायाचित्र नसते. पण आमच्या वहीत पाहिले, तर अनेकदा बाळ याच किरकोळ रकमांनी राखले आहे. म्हणून यापुढे विवरणात एकाच बाळाच्या नावे दुसरी आणि तिसरी रक्कम दिसल्यास, आपली देणगी त्या बाळामागे अजून उभी आहे, असे आपण समजावे.

ज्यांच्या बाळांना आम्ही घरी सुखरूप पाहिले आणि ज्यांच्या बाळांना पाहू शकलो नाही, त्या सर्व कुटुंबांचे आम्ही ऋणी आहोत. शिकवले त्यांनीच. हा लेख येथे पूर्ण करतो. त्या मुलीच्या नावापुढील शेरा मात्र आजही ‘चालू’ असाच आहे.